आनंदीबाईंना व्हिसा कोणी दिला? अमेरिकेच्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्याचा इतिहास

गोदाकाठ

ग्रीनकार्डाच्या रांगेच्या धाग्यावर इतिहासाची चर्चा फार लांबली, म्हणून हा वेगळा धागा. तिथे विचारलं गेलं होतं की आनंदीबाई जोशी शिकायला गेल्या तेव्हा त्यांना व्हिसा कोणी दिला. कोणीही नाही. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसा ही भानगडच नव्हती आणि पासपोर्टही सक्तीचा नव्हता. त्याच्या दहा महिने आधी, ३ ऑगस्ट १८८२ ला, केंद्राचा पहिला सर्वसाधारण स्थलांतर कायदा झाला होता. त्यात माणशी ५० सेंट डोईपट्टी होती, ती जहाजवाल्यांकडून वसूल व्हायची. अडवायचं कोणाला, तर गुन्हेगार, वेडे, मतिमंद आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे. न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, एलिस आयलंड, १ जानेवारी १८९२ ला उघडलं. त्याआधी, १८९० पर्यंत, खालच्या वर्गातल्या प्रवाशांची नोंद कॅसल गार्डनला होत असे.

निघण्यापूर्वी वकिलातीतून व्हिसा आणा, ही अट पहिल्या महायुद्धात आली: १९१७ चा आदेश, १९१८ चा कायदा. १९२४ मध्ये ती कायमची झाली.

हा विषय वाचताना प्रवेशाचा कायदा आणि नागरिकत्वाचा कायदा असे दोन दरवाजे वेगवेगळे धरावेत. आनंदीबाईंना पहिला उघडा होता, दुसरा बंद होता. पुढे साठेक वर्षं दुसऱ्या दरवाजाची कडी पहिल्याला कशी लावली गेली, हेच मला या इतिहासातलं मुख्य सूत्र वाटतं. जाणकारांनी भर घालावी. कृपया संदर्भासहित लिहा, "आमच्या ओळखीच्या एकाचं" नको.

तळटीप

दुसऱ्या दरवाजापासून सुरुवात करतो, कारण तो जुना आहे. १७९० चा कायदा जेमतेम एक परिच्छेदाचा होता: मुक्त, गोरी व्यक्ती, दोन वर्षं वास्तव्य, सद्वर्तन, आणि अर्ज अभिलेख ठेवणाऱ्या कुठल्याही न्यायालयात. वास्तव्याची मुदत १७९५ मध्ये पाच वर्षं झाली, १७९८ मध्ये चौदा, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाच. आजची पाच वर्षांची अट तिथूनच आलेली आहे. चौदा वर्षांचा प्रकार शुद्ध पक्षीय राजकारण होतं: नवे नागरिक जेफरसनच्या पक्षाला मतं देतात, अशी सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाची धास्ती होती.

यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. त्या वेळी सिनेटर चार्ल्स समनर यांनी "गोरी" हा शब्दच काढून टाका, अशी सूचना मांडली होती. ती पडली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सदस्यांना भीती होती की मग चिनीही नागरिक होतील. गंमत अशी की थोड्याच वर्षांत सगळे कायदे एका संहितेत बसवताना तो शब्द चुकून गळला. १८७५ मध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) दुरुस्ती करून तो परत घातला. म्हणजे वगळण्याची आयती संधी चालून आली होती आणि ती समजून-उमजून नाकारली गेली. हेच ते कलम २१६९, पुढे भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात आलेलं.

पोटकलम

तळटीपरावांनी १८७० वर उडी मारली. मधली १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती राहिली. ड्रेड स्कॉट निकालाने (१८५७) कृष्णवर्णीय नागरिक असूच शकत नाहीत असं ठरवलं होतं. तो पुसण्यासाठी "अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सर्वजण" नागरिक ठरवले गेले.

हे शब्द घालणाऱ्यांना स्थलांतरितांची मुलं ठाऊकच नव्हती, असं आजकाल बरेच जण लिहितात. १८६६ ची सिनेटमधली चर्चा वाचली तर ते टिकत नाही. पेनसिल्वेनियाचे काउअन यांनी थेट विचारलं की याने कॅलिफोर्नियात चिन्यांची मुलं नागरिक होणार का. कॅलिफोर्नियाचे सिनेटर कॉनेस, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले, उत्तरले की हो, होणार, आणि व्हायलाच हवीत. ही देवघेव नोंदीत आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढे हे आलं वाँग किम आर्क यांच्या निमित्ताने. जन्म १८७३, सॅन फ्रान्सिस्को. १८९५ मध्ये चीनहून परतताना कस्टम कलेक्टरने "हा नागरिक नाही" म्हणून उतरू दिलं नाही. २८ मार्च १८९८ ला ६ विरुद्ध २ असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपवाद मोजकेच सांगितले: परकीय राजदूतांची मुलं, शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात शत्रूच्या पोटी जन्मलेली मुलं, आणि आदिवासी टोळ्यांचे सदस्य. हा शेवटचा अपवाद १८८४ च्या एल्क निकालात ठरला होता. मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व २ जून १९२४ च्या कायद्याने मिळालं. वाँग यांचे आईवडील मात्र आयुष्यभर परकीयच राहिले असते, कारण त्यांच्यासाठी १७९० चा दरवाजा बंद होता.

रुपेरी

पोटकलम, मग ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशाचं काय? एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांच्या इथे जन्मणाऱ्या मुलांवर त्याचा परिणाम होणार होता ना?

पोटकलम

हो, आदेशाच्या मजकुरात तोच प्रकार होता. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर, आणि वडील नागरिकही नाहीत, ग्रीनकार्डधारकही नाहीत, अशी मुलं नागरिक धरू नयेत. लागू होणार १९ फेब्रुवारी २०२५ नंतरच्या जन्मांना. खालच्या न्यायालयांनी तो लगेच अडवला. २७ जून २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अनेकांनी चुकीचा वाचला. तो फक्त एवढ्यापुरता होता की एका जिल्हा न्यायाधीशाला देशभर लागू होणारी मनाई देता येते का. आदेश घटनेत बसतो की नाही यावर त्यात अवाक्षर नाही. त्यानंतरचं काहीही वाचताना बातमीचा मथळा सोडून निकालाची मूळ प्रत उघडा. वर्तमानावर वेगळा धागा काढू, इथे इतिहास चालू दे.

जुनी_वही

प्रवेशाच्या बाजूला येते. १८८२ चा चिनी प्रतिबंध कायदा (६ मे) दहा वर्षांसाठी होता. १८९२ च्या गिअरी कायद्याने तो वाढवला आणि प्रत्येक चिनी मजुराने रहिवासी दाखला जवळ बाळगायची सक्ती केली. पुढे तो बेमुदत झाला, आणि रद्द झाला १९४३ मध्ये, चीन युद्धात दोस्त राष्ट्र झाल्यावर. तेव्हा चिन्यांना कोटा मिळाला वर्षाला १०५.

हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातल्या, लोकांविरुद्ध सुरुवातीला असा नाव घेऊन कायदा नव्हता. १९१० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजल आयलंडवर त्यांना परत पाठवायला दोन हत्यारं वापरली जात: पोटात अंकुशकृमी सापडले हे एक, आणि "सार्वजनिक भार होण्याचा संभव" हे दुसरं. दुसरं फार लवचीक होतं. कॅलिफोर्नियात हिंदी मजुरांना काम देणार नाहीत, म्हणून ते बेकार राहतील, म्हणून ते भार होतील, असा युक्तिवाद. लोकांच्या द्वेषाचं कारण पुढे करून ज्याचा द्वेष होतो त्यालाच परत पाठवायचं.

मग आला ५ फेब्रुवारी १९१७ चा कायदा, विल्सन यांचा नकाराधिकार ओलांडून. साक्षरतेची परीक्षा (सोळा वर्षांवरच्या माणसाने कुठल्याही एका भाषेतले तीस ते चाळीस शब्द वाचून दाखवायचे) बहुतेकांना माहीत असते. आपल्याशी संबंधित भाग मात्र त्यातला निषिद्ध पट्टा. त्यात "हिंदुस्थान" हा शब्दच नाही. नुसते अक्षांश-रेखांश आहेत: आशिया खंडाचा ५० पूर्व ते ११० पूर्व रेखांशांमधला, ५० उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेचा भाग, त्यातून ५० ते ६४ पूर्व आणि २४ ते ३८ उत्तर हा चौकोन वगळलेला. नकाशावर आखून बघा. वगळलेल्या चौकोनात इराणचा बराचसा भाग सुटतो. मुंबई ७३ पूर्व, १९ उत्तर, म्हणजे पट्ट्याच्या आत. कराची ६७ पूर्व, तीही आत. बेटांसाठी वेगळ्या रेषा होत्या, आणि अमेरिकेच्या ताब्यातली बेटं वगळल्यामुळे फिलिपिन्स सुटलं. जपान पट्ट्यात नाही, कारण त्यांच्याशी १९०७-०८ चा सामंजस्य करार होता. ब्रिटनशी मैत्री होती. त्याच्या साम्राज्याचं नाव घेऊन बंदी घालण्यापेक्षा भूगोलाच्या आकड्यांत ती लपवणं सोयीचं होतं, असं माझं मत.

पट्ट्यातूनही काही जणांना सूट होती: विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, धर्मोपदेशक, लेखक, कलावंत, व्यापारी आणि हौसेखातर फिरणारे. त्या काळातही हिंदी विद्यार्थी अमेरिकेत पोचत होते ते या सवलतीमुळे. मजुराला मात्र काही वाट उरली नाही.

तळटीप

जुनी_वही, अक्षांशांचा मुद्दा फार नेमका. आता याच पट्ट्याचा उपयोग नागरिकत्वाच्या खटल्यात कसा झाला ते बघा.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "गोरा" म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी माणूस तसा नाही, सबब अर्ज फेटाळला. त्या वेळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत. थिंद यांच्या बाजूने वाटलं, आपलं काम झालं. थिंद अमृतसर भागातले शीख, अमेरिकी लष्करात १९१८ मध्ये नोकरी केलेले. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला की शास्त्रज्ञांचं वर्गीकरण बाजूला ठेवा, सामान्य माणूस "गोरा" कोणाला म्हणतो ते बघा. आधाराला त्यांनी १९१७ चा पट्टा घेतला: काँग्रेसने ज्यांना देशात येऊ देऊ नये असं ठरवलं, त्यांना नागरिक करावं असा तिचा हेतू असणं शक्य नाही. (हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले.)

इथवर प्रवेशाच्या कायद्याने नागरिकत्व अडवलं. लगेच १९२४ मध्ये उलटं झालं: नव्या कायद्याने "नागरिकत्वास अपात्र" अशा कोणाही परकीयाला कायम राहण्यासाठी प्रवेश बंद केला. जपानचं नाव न घेता जपानी बंद झाले. बाकी युरोपसाठी कोटा: १९२१ मध्ये १९१० च्या जनगणनेतल्या त्या-त्या देशाच्या लोकांच्या ३ टक्के, १९२४ मध्ये १८९० च्या जनगणनेच्या २ टक्के. वर्ष मागे नेलं, कारण इटालियन, पोलिश आणि रशियन ज्यूंची मोठी लाट १८९० नंतरची. एकूण सुमारे १,६५,०००; १९२९ पासून सुमारे दीड लाख. कागदावर हिंदुस्थानलाही किमान १०० चा कोटा होता. तो वापरू शकत होते फक्त हिंदुस्थानात जन्मलेले गोरे!

रुपेरी

थिंद शीख होते ना? मग निकालात "उच्चवर्णीय हिंदू" कसं? आणि मुंबईच्या पारशांचं काय झालं? त्यांना गोरे धरत असत असं वाचलं होतं.

जुनी_वही

त्या काळच्या अमेरिकी कागदांत "हिंदू" म्हणजे हिंदुस्थानचा रहिवासी, धर्म कुठलाही असो. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात "हिंदू" आहे आणि पंजाबी मुसलमानाच्या नावापुढेही तेच सापडतं.

पारशांबद्दल एकाच सर्किट अपील न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या त्या न्यायालयाने मुंबईच्या भिकाजी बलसारांना गोरे ठरवून नागरिकत्व कायम केलं. १९३९ मध्ये त्याच न्यायालयापुढे रुस्तम दादाभाई वाडिया आले, तेही पारशी. या वेळी उत्तर नाही असं आलं. मधे थिंद निकाल आला होता. "सामान्य माणसाची समजूत" हीच कसोटी, आणि न्यूयॉर्कच्या सामान्य माणसाला पारशी कोण हे कुठे ठाऊक? वाडियांचा धर्म किंवा पूर्वजांचं इराण काहीच कामी आलं नाही.

तळटीप

आणि सखाराम गणेश पंडित. मराठी वाचकांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं; थिंद यांच्या खटल्यातले वकील हेच. स्वतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून नागरिक झालेले, १९१७ पासून कॅलिफोर्नियात वकिली. थिंद निकालानंतर सरकारने जुनी प्रमाणपत्रं रद्द करण्याचा सपाटा लावला. हत्यार होतं १९०६ च्या कायद्याचं कलम १५: फसवणुकीने किंवा "बेकायदा मिळवलेलं" प्रमाणपत्र रद्द करता येतं. न्यायालयाने खुलेपणाने दिलेलं प्रमाणपत्र बेकायदा कसं? तर अर्जदार मुळात पात्रच नव्हता, म्हणून. अक्षयकुमार मुजुमदारांचं नागरिकत्व असंच गेलं.

पंडितांनी गोरेपणाचा वाद पुन्हा घातलाच नाही. त्यांचं म्हणणं असं: १९१४ चा निकाल अंतिम होता, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या निकालावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. आता तो काढला तर सनद जाईल, घर जाईल (कॅलिफोर्नियात "नागरिकत्वास अपात्र" परकीयाला शेतजमीन-मालमत्तेवर बंदी होती), आणि अमेरिकेत जन्मलेल्या बायकोचंही नागरिकत्व जाईल. जिल्हा न्यायालयाने मानलं, १९२६ मध्ये सर्किट न्यायालयाने कायम केलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची अपील ऐकण्याची विनंती घेतली नाही. त्यानंतर हिंदी लोकांविरुद्धचे उरलेले दावे सरकारने सोडून दिले. तत्त्वाचा मुद्दा हरल्यावर कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर लढाई कशी जिंकावी, याचा हा नमुना कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. थिंद यांना अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या १९३५ च्या कायद्याखाली.

गोदाकाठ

बायकोचं नागरिकत्व का जाणार होतं, हे नव्या वाचकांसाठी कोणी उलगडेल का?

पोटकलम

तीन तारखा ध्यानात ठेवा. १८५५: परकीय बाई अमेरिकी पुरुषाची बायको झाली की आपोआप नागरिक, पण ती स्वतः "गोरी" असेल तरच. १९०७: उलट दिशा, अमेरिकी बाईने परकीयाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं, मग ती अमेरिकेबाहेर पाऊल न टाकलेली का असेना. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये हे वैध ठरवलं. १९२२: केबल कायद्याने ते थांबवलं, मात्र नवरा "नागरिकत्वास अपात्र" असेल तर जुनाच नियम. हा अपवाद १९३१ मध्ये निघाला. पंडितांची सुनावणी याच मधल्या वर्षांत झाली. "नागरिकत्वास अपात्र" हेच शब्द प्रवेश, जमीन, लग्न, सगळीकडे.

रुपेरी

कोणाला आपल्या जुन्या नातेवाइकाची कागदपत्रं शोधायची असतील तर कुठून सुरुवात करावी? बऱ्याच जणांकडे "आमचे पणजोबा अमेरिकेचे नागरिक होते" अशा कथा असतात.

जुनी_वही

आधी तारीख ठरवा: २७ सप्टेंबर १९०६. त्यापूर्वीचं नागरिकत्व कुठल्याही न्यायालयात झालेलं असू शकतं, म्हणून माणूस कुठल्या काउंटीत राहत होता ते आधी शोधावं लागतं. कागदावर माहितीही तुटपुंजी असते, कधीकधी नाव आणि "ब्रिटनच्या राजाचा प्रजाजन" एवढंच. त्या तारखेपासून छापील अर्ज एकसारखे झाले आणि प्रत वॉशिंग्टनला जाऊ लागली. २७ सप्टेंबर १९०६ ते ३१ मार्च १९५६ या काळातल्या प्रमाणपत्राच्या फाइलीला सी-फाइल म्हणतात. ती यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या) वंशावळ विभागाकडून मागवता येते: आधी जी-१०४१ अर्जाने सूचीत शोध, फाइल क्रमांक कळला की जी-१०४१ए ने प्रत. १९४० मध्ये सगळ्या परकीयांची नोंदणी झाली, ए-नंबर तिथून सुरू झाले. १०० वर्षांपूर्वी जन्मलेल्यांच्या अनेक ए-फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या आहेत.

१९०६ नंतरची प्रक्रिया तीन पायऱ्यांची: आधी इरादापत्र, किमान दोन आणि कमाल सात वर्षांनी याचिका (दोन साक्षीदारांसह), मग शपथ आणि प्रमाणपत्र. सात वर्षं उलटली की इरादापत्र बाद. घरात एखादा शिक्क्यांचा सुंदर कागद जपून ठेवलेला असतो आणि तो नुसतं इरादापत्र निघतो. त्याने माणूस नागरिक होत नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणी जनगणनेची. नागरिकत्वाच्या रकान्यात दोन अक्षरी खूण असते: "एनए" म्हणजे नागरिक झालेला, "पीए" म्हणजे इरादापत्र दिलेला, "एएल" म्हणजे परकीय. १९२० च्या जनगणनेत तर नागरिकत्वाचं वर्षही आहे. हिंदी माणसापुढे १९२० ला "एनए" आणि १९३० ला "एएल" दिसलं तर गणकाची चूक समजून सोडून देऊ नका, मधे प्रमाणपत्र रद्द झालं असण्याची शक्यता मोठी. मग फेडरल जिल्हा न्यायालयाच्या दाव्यांत शोधा. आणि १९२२ पूर्वीच्या बायकोची वेगळी फाइल शोधत बसू नका, ती नवऱ्याच्या कागदातच असते. नावाचं स्पेलिंग किमान पाच-सहा प्रकारे करून बघा. आपल्याकडचं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, तिथे बरेचदा आडनाव म्हणून नोंदलेलं असतं.

गोदाकाठ

उत्तम. पुढचा टप्पा मी थोडक्यात घेतो. २ जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्व खुलं झालं आणि वर्षाला १०० चा कोटा वापरता येऊ लागला. १९५२ च्या मॅककॅरन-वॉल्टर कायद्याने (ट्रुमन यांचा नकाराधिकार ओलांडून) नागरिकत्वातली वंशाची अट सगळ्यांसाठीच गेली. पण प्रवेशात "आशिया-पॅसिफिक त्रिकोण" आला: निम्मं रक्त त्या भागातलं असेल तर जन्म लंडनचा असला तरी मोजणी पूर्वजांच्या देशाच्या १०० मध्ये. युरोपियनांची मोजणी जन्मस्थानावर, आशियाईंची रक्तावर. एच-१ हा प्रवर्गही याच कायद्यातला.

३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी सही केलेला हार्ट-सेलर कायदा: पूर्व गोलार्धासाठी १,७०,०००, प्रत्येक देशाला कमाल २०,०००. त्यातले ७४ टक्के नातेवाइकांना, १० टक्के व्यावसायिकांना, १० टक्के इतर कामगारांना, ६ टक्के निर्वासितांना. नातेवाइकांचा वाटा इतका मोठा ठेवला तो प्रतिनिधीगृहातले सदस्य फीहन यांच्या आग्रहाने. आहेत त्यांचेच नातलग येतील, म्हणजे देशाचा चेहरा युरोपीयच राहील असा हिशेब होता. हिशेब साफ फसला, कारण युरोपातून यायची घाई कोणाला उरली नव्हती. भारतातले डॉक्टर आणि इंजिनिअर १० टक्क्यांच्या तिसऱ्या प्रवर्गातून गेले, पाच वर्षांत नागरिक झाले आणि भावंडांसाठी पाचव्या प्रवर्गातून अर्ज केले. डॉक्टरांची वाट १९७६ च्या कायद्याने बरीच अरुंद झाली.

जाता जाता: सेलर १९२४ च्या कायद्याविरुद्ध बोलले तेव्हा काँग्रेसमध्ये नवखे होते. एकेचाळीस वर्षांनी तोच कोटा मोडणाऱ्या कायद्यावर त्यांचं नाव आलं.

पोटकलम

आता आजच्या रांगेचं गणित, कारण मूळ धाग्यावरचा गोंधळ इथेच होता.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला १,४०,००० केली. पहिल्या तीन प्रवर्गांना प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. एका देशाला कमाल ७ टक्के. म्हणजे ईबी-२ (नोकरीच्या दुसऱ्या प्रवर्गा) मध्ये भारतासाठी साधारण २,८००, आणि त्यात बायको-मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब धरलं तर सातशे अर्जदार. ७ टक्के हा राखीव वाटा नाही, वरची मर्यादा आहे. इतर देशांकडून उरलेले आकडे त्याच प्रवर्गातल्या सर्वांत जुन्या तारखेला जातात, म्हणून काही वर्षी रांग अचानक पुढे सरकते. महामारीत वकिलाती बंद राहिल्याने कौटुंबिक व्हिसे पडून राहिले आणि ते पुढच्या वर्षी नोकरीच्या खात्यात आले: २०२१ च्या आर्थिक वर्षात सुमारे २,६२,०००, २०२२ मध्ये सुमारे २,८१,०००.

एच-१बी चा आकडा याच्याशी जुळवलेला नाही, हे दुखण्याचं मूळ. मर्यादा ६५,०००, १९९९ आणि २००० साठी १,१५,०००, २००१ ते २००३ साठी १,९५,०००, मग परत ६५,०००, आणि २००४ च्या कायद्याने अमेरिकी मास्टर्सवाल्यांना वेगळे २०,०००. ग्रीनकार्डाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. २००० च्या कायद्याने सहा वर्षांपुढे मुदतवाढ दिली, त्यामुळे माणूस रांगेत थांबू शकतो. रांग लहान झाली नाही, थांबण्याची सोय झाली.

१० जुलै २०१९ ला देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने संमत झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा संमत केला. दोन्ही मजकुरांचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळलं.

रुपेरी

देश म्हणजे नागरिकत्वाचा की जन्माचा? आणि बायकोचा जन्म मस्कतचा असेल तर?

पोटकलम

जन्माचा. आईवडील सांगली-साताऱ्याचे, स्वतःकडे भारतीय पासपोर्ट, पण जन्म मस्कतच्या इस्पितळात झालेला, तर मोजणी ओमानमध्ये. नंतर कॅनडाचं नागरिकत्व घेऊनही जन्माचा देश बदलत नाही. बायकोचा जन्मदेश नवऱ्याला लावून घेता येतो आणि उलटही, मात्र दोघं एकत्र जात असतील आणि लग्न ग्रीनकार्ड मिळण्यापूर्वी झालेलं असेल तर. मुलाला आईबापाचा देश लावता येतो, आईबापाला मुलाचा कधीच नाही. अर्जासोबत जन्मदाखला जोडताना गावाचं नाव, तारीख आणि आईवडिलांची नावं पासपोर्टशी जुळतात का ते बघा. उशिरा नोंदवलेला दाखला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आधीच तयार ठेवा, नाहीतर पुराव्याची मागणी हमखास येते.

तळटीप

जन्मदेशावर मोजणी ही १९२४ च्या कोट्याची उरलेली चौकट आहे. १९६५ ने देशादेशांतले आकडे समान केले, मोजण्याची पद्धत तीच ठेवली. लक्झेंबर्गला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. याला समानता म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रुपेरी

शेवटचा प्रश्न. रांगेत असताना मूल २१ चं होऊन आईबापाच्या अर्जातून गळलं तर?

पोटकलम

६ ऑगस्ट २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा आहे. तारीख खुली झाली (म्हणजे रांगेतला नंबर लागला) त्या दिवशीच्या वयातून आय-१४० (नोकरी देणाऱ्या कंपनीचा ग्रीनकार्डासाठीचा अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करा. उरलेलं वय २१ च्या खाली आलं पाहिजे, मूल अविवाहित हवं, आणि तारीख खुली झाल्यापासून एका वर्षात मुलाने ग्रीनकार्डाच्या दिशेने पाऊल टाकलेलं हवं. फक्त आय-१४० चे दिवस वजा होतात, रांगेत थांबलेली वर्षं नाहीत. जलद निकालाचे (प्रीमियम) पैसे भरून आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला तर वजा करायला पंधराच दिवस मिळतात, हे मुलं मोठी असलेल्यांनी आधी लक्षात घ्यावं. तारीख कुठल्या तक्त्यावरून धरायची हेही बदललं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून यूएससीआयएस "अर्ज भरण्याच्या तारखा" हा तक्ता मानत होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या मागण्यांना पुन्हा "अंतिम कार्यवाहीच्या तारखा" लागू आहेत, आणि त्या सहसा मागे असतात. हिशेब करताना व्हिसा बुलेटिनची (या तारखा देणाऱ्या सरकारी मासिक पत्रकाची) त्या महिन्याची प्रत छापून फाइलला लावून ठेवा.